गिअरची गाडी शिकताना : मैदानापासून फेरीबोटीपर्यंत

गिअरची मोटारसायकल शिकायला मी मैदानावर उतरले तेव्हा स्कूटर चालवून मला बारा वर्षे झाली होती. गोव्यात फोंड्याहून वाळपई, वाळपईहून सत्तरीतल्या आतल्या गावांना, ऊन असो पाऊस असो, स्कूटरनेच जाणे-येणे. तोल सांभाळता येतो, रस्त्याची सवय आहे, आता क्लच आणि गिअर तेवढे शिकले की झाले, असा माझा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी थांबण्याची शिट्टी वाजवली आणि मी डाव्या हाताची मूठ गच्च आवळली. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. मोटारसायकलला तिथे क्लच असतो. क्लच दाबला गेल्यावर इंजिनाचा चाकाशी संबंध तुटला आणि गाडी तशीच सरकत प्लास्टिकच्या शंकूंवरून जाऊन मैदानाच्या कडेच्या चिऱ्यांच्या बांधाला टेकली, डावीकडे कलंडली. वेग फार तर ताशी दहाचा असेल. गुडघा सोलवटला, तळहातात लाल खडी रुतली, क्लचचा लिव्हर बाहेरच्या बाजूला वाकला. पेट्रोलचा वास आला तसे सरांनी धावत येऊन आधी किल्ली फिरवली आणि मग मला हात दिला.

आता रविवारी सकाळी मी त्याच मैदानावर नव्या शिकणाऱ्यांना मदत करते. स्कूटरवरून आलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती याच जागी चुकते, हे मी दर वर्गात पाहते. आपल्याकडे गाडी शिकवायची रीत ठरलेली आहे. दादा नाहीतर मामा मागे बसतो, "क्लच सावकाश सोड" म्हणतो, गाडी हलली, दुसरा गिअर पडला की "आली की तुला!" म्हणून खाली उतरतो. गाडी सुरू कशी करायची ते सांगितलेले असते. थांबवायची कशी, ते ज्याने-त्याने रस्त्यावर शिकायचे. चांगल्या वर्गात हा क्रम उलटा असतो, आणि तेवढ्यासाठीच मी सगळ्यांना सांगते की घरात कितीही चांगला चालवणारा असला तरी पहिले दोन-तीन दिवस वर्गाला जा. पुढे लिहिले आहे तेही त्याच क्रमाने.

वर्गाला जाण्याआधी

वर्ग ठरवताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा. एका शिकवणाऱ्यामागे किती शिकणारे असतात? सहाच्या वर असतील तर तुमचा निम्मा वेळ रांगेत जाणार. जागा कसली आहे? सपाट डांबरी किंवा काँक्रीटची हवी. कापणी झालेले शेत किंवा फुटबॉलचे मैदान पडायला मऊ वाटते, पण सुट्या मातीवर ब्रेक शिकता येत नाही, चाक लगेच घसरते आणि मनात ब्रेकची भीती बसते. तिसरा प्रश्न असा, की जोरात ब्रेक दाबून थांबण्याचा सराव करून घेता का? "तो पुढे आपोआप येतो" असे उत्तर मिळाले तर दुसरा वर्ग शोधा.

शिकण्यासाठी गाडी १०० ते १२५ सीसीची, हलकी, दोन्ही पाय जमिनीला पुरतील अशी असावी. घरात बुलेट उभी असली म्हणून तिच्यावर सुरुवात करू नका. वर्गाची गाडी पडणार आहे हे धरून चाललेले असते, घरची पडली की मन खट्टू होते आणि शिकणे थांबते.

कागदांचे थोडक्यात. गिअरच्या मोटारसायकलीला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आणि हे इथे फार जणांना ठाऊक नसते : बिनगिअरच्या गाडीचा परवाना गिअरच्या गाडीला चालत नाही. तुमच्याकडे स्कूटरचा परवाना असला तरी गिअरच्या गाडीसाठी नव्याने शिकाऊ परवाना काढून तो वाहनप्रकार परवान्यात जोडून घ्यावा लागतो. अर्ज सारथी पोर्टलवर भरता येतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. वयाची चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. रस्त्यावर सराव करताना पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, सोबत परवानाधारक शिकवणारा हवा, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवायचे नाही.

कपड्यांबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार. आपल्याकडे उकाडा एवढा, की चप्पल आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट हाच दुचाकीचा पोशाख झाला आहे. चपलेने गिअर टाकून बघा, दहाव्या वेळी अंगठ्यावर वळ उठतो आणि पाय नकळत गिअर टाळू लागतो. घोटा झाकणारा बूट घाला. बुटाची नाडी आत खोचा, विशेषतः डाव्या बुटाची, कारण तिचा फास गिअरच्या दांड्यात अडकला तर थांबताना पाय खाली येत नाही. जीनची पँट, पूर्ण बाह्या आणि साधे का होईना, हातमोजे हवेत. माणूस पडताना आधी तळहात टेकतो, हे मी अनुभवाने सांगते. ओढणी घरी ठेवून या. साडीवर शिकू नका. साखळी आणि मागचे चाक पदर ओढून घ्यायला एक क्षण लावतात.

हेल्मेट आयएसआय खुणेचे, आयएस ४१५१ असा क्रमांक असलेले, आणि हनुवटीसकट तोंड झाकणारे घ्या. घातल्यावर हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली पाहिजे, नुसते हेल्मेट फिरले तर ते मोठे आहे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम जावीत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला. आतला थर्मोकोल एकदाच दबतो.

इंजिन बंद, पहिला तास

पहिला तास गाडी सुरूच करायची नाही, म्हणून पोरांची तोंडे उतरतात. पण या तासात जे बसते ते पुढे कामाला येते.

गाडीवर नेहमी डावीकडून बसा. आधी पुढचा ब्रेक दाबून धरा, मग पाय टाका, म्हणजे गाडी पुढे-मागे पळत नाही. साइड स्टँड वर घ्यायला विसरू नका. बसल्यावर डोळे मिटा आणि एकेक अवयव शोधा : उजव्या हाताला रेस आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाखाली गिअर. न बघता सापडेपर्यंत हेच करा. रस्त्यावर हात शोधायला खाली बघाल तेवढ्या वेळात समोर कुत्रे आलेले असते.

गिअरची मांडणी कंपनीप्रमाणे बदलते, हे आधी समजून घ्या. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे पायाने वर उचलून. एकावर शिकून दुसरीवर बसणाऱ्याचा पाय सवयीने उलटा जातो, आणि गिअर वाढवायचा तिथे कमी झाला तर मागचे चाक हिसका देते. नवी गाडी हातात घेतली की उभ्या गाडीवर दोनदा गिअर टाकून-काढून बघा, मग निघा.

यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तिच्या डाव्या बाजूने चाला. मैदानाला एक फेरी मारा, वळवा, मागे ढकला. शंभर-सव्वाशे किलोचे वजन कुठपर्यंत आपले असते आणि किती कलले की आपल्या हातात राहत नाही, हे कमरेला कळते.

आणि पडलेली गाडी उचलायला शिका. आधी किल्ली बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, सीटला कंबर लावून उकिडवे बसा, एका हाताने जवळची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे-मागे पावले टाकत उठा. आमच्या वर्गात जेमतेम पंचेचाळीस किलोची मुलगी अशी गाडी उचलते आणि मग तिच्या चेहऱ्यावरची पडण्याची भीती निम्मी होते. वाकून, हातांनी उचलायला जाणारे पुरुष कंबर धरून बसतात.

क्लच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिली संपूर्ण सकाळ गेली तरी हरकत नाही.

क्लच म्हणजे इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारा हात. लिव्हर पूर्ण दाबला की हात सुटला, पूर्ण सोडला की हात घट्ट. खरे काम या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. तिथे चकत्या एकमेकींवर घासत, अर्धवट धरत फिरतात. मेकॅनिक तिला हाफ क्लच म्हणतात. लिव्हरच्या पूर्ण हालचालीत ही जागा बोटभरसुद्धा नसते आणि प्रत्येक गाडीत वेगळ्या ठिकाणी असते. नवी केबल टाकली की पुन्हा सरकते.

ती अशी शोधा. गाडी सपाट जागी, इंजिन सुरू, दोन्ही पाय जमिनीवर. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. रेसला हात लावू नका. आता चारही बोटांनी लिव्हर इतका सावकाश सोडा, की बघणाऱ्याला हात हलतो आहे हे कळू नये. एका जागी इंजिनाचा आवाज भारी होतो, जरा दबतो, आणि गाडी पुढचा भाग किंचित उचलून सरकू बघते. तिथेच थांबा. पुन्हा लिव्हर आत घ्या. गाडी मागे येते. पुन्हा सोडा. टाचा जमिनीवर ठेवून गाडी अशी झोपाळ्यासारखी पुढे-मागे झुलवत राहा, वीस वेळा, तीस वेळा. आमचे सर या वेळी जवळ उभे राहून "सवकास, सवकास" एवढेच म्हणत असतात. गाडी बंद पडली तर पडू द्या. ती बंद पडते म्हणजे तुम्ही त्या जागेच्या पुढे गेलात, एवढीच त्याची माहिती.

मग किंचित रेस द्या. आवाज थोडा वर जाईल तेवढीच, आणि ती तशीच स्थिर धरा. क्लच मधल्या जागेपर्यंत आणा, तिथे थांबवून ठेवा, आणि दोन्ही पायांनी चालत गाडीबरोबर मैदान ओलांडा. वेग माणसाच्या चालीचा. वेग वाढला तर रेस कमी करू नका, क्लच किंचित आत घ्या. नवख्याचे हात नेमके इथे गोंधळतात. गाडी पुढे उसळली की घाबरून मूठ आवळली जाते आणि आवळताना रेसच वाढते. उपाय मनगटात आहे : उजवे मनगट मुठीपेक्षा खाली राहील असे बसा, म्हणजे हात मागे ओढला गेला तरी रेस आपोआप फार वाढत नाही.

तीन-चार फेऱ्या अशा झाल्या की पाय उचला. एकदम दोन्ही उचला. एक वर आणि एक लोंबता ठेवला की तोल त्या बाजूला जातो.

थांबणे

दुसऱ्या गिअरचे नाव काढण्याआधी हे शिका. शिट्टी झाली की चार गोष्टी एका दमात : रेस बंद, क्लच आत, दोन्ही ब्रेक, आणि गाडी थांबता-थांबता डावा पाय खाली. उजवा पाय मागच्या ब्रेकवरच राहतो.

पुढच्या ब्रेकला आपल्याकडे लोक विनाकारण घाबरतात. "पुढचा मारलास तर डोक्यावर पडशील" हे मलाही घरी ऐकवले गेले होते. थांबताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, ते चाक रस्त्याला दाबले जाते, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद त्याच चाकात असते. नुसत्या मागच्या ब्रेकवर चालवणारा माणूस निम्म्याहून कमी ब्रेक घेऊन फिरत असतो. पडायला होते ते तो एकदम ओढल्याने, किंवा हँडल वळलेले असताना दाबल्याने. ओले फडके पिळतो तसा दाबा, आधी हलके आणि मग वाढवत. हँडल सरळ, नजर समोर.

स्कूटरवरून आलेल्यांसाठी आता माझे खास सांगणे. हाताची जुनी सवय बोलून जात नाही. नव्या स्कूटरचा डावा लिव्हर तर दोन्ही चाके धरतो, त्यामुळे डाव्या हाताला वाटते की थांबवणारा मीच. मी असे केले : रोज संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, आणि मुलीला अधूनमधून टाळी वाजवायला सांगायची. टाळी झाली की उजवा हात, उजवा पाय, डावा हात एकत्र. रोज वीस वेळा. आठवड्याभराने उजवा हात आधी हलू लागला. त्या दिवसांत जमत असेल तर स्कूटरला हातही लावू नका. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी असे करणाऱ्यांचा गोंधळ महिनाभर टिकतो.

चढावरून निघणेही याच दिवशी करा, कारण आपल्या वाड्यावाड्यांतून सपाट रस्ता कमीच. फर्मागुढीच्या चढावर मागे बस उभी असताना गाडी मागे सरकली की घाम फुटतो. डावा पाय जमिनीवर आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक धरून ठेवा. थोडी रेस द्या, क्लच मधल्या जागेवर आणा, गाडीचा पुढचा भाग ओढ घेतोय असे जाणवले की मगच ब्रेक सोडा. ब्रेक आधी सोडायचा नाही.

गिअर

याला फार सांगावे लागत नाही. रेस बंद, क्लच आत, पाय, क्लच सावकाश बाहेर, रेस. कोणता गिअर कधी, ते काट्यावर बघू नका, इंजिन सांगते. किंचाळू लागले की वरचा टाका, खोकत-धडधडत चालले की खालचा. कमी करताना एकेक कमी करा आणि प्रत्येक वेळी क्लच बाहेर येऊ द्या. थांबण्याआधी पहिल्यावर या, म्हणजे निघावे लागले तर गाडी तयार असते.

वळण

मोटारसायकल जिथे बघाल तिथे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात. वर्गात हे सिद्ध करायला फार लागत नाही : मैदानाच्या मधोमध एकच शंकू ठेवला आणि "त्याला लावू नका" म्हटले, की चौघेजण त्यालाच लावतात. म्हणून सर कोकणीत ओरडतात ते एकच, "मुखार पळय!", म्हणजे समोर बघ. हनुवटी वळवा, नुसते डोळे नाही. वळणातून बाहेर पडायची जागा बघा.

वेग वळणाआधी कमी करा, आत शिरल्यावर नाही. वळणात रेस हलकी आणि सारखी ठेवा. ताशी वीसच्या वर गेल्यावर हँडल फिरवून गाडी वळत नाही, कलून वळते : डावीकडे जायचे तर डावी मूठ किंचित पुढे ढकला, गाडी डावीकडे कलेल आणि वळेल. वाचताना हे उलटे वाटते, पण रिकाम्या मैदानावर हलका दाब देऊन बघा.

अगदी सावकाश वळताना गणित वेगळे. तिथे पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, वळलेल्या हँडलवर तो दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते. पहिला गिअर, क्लच मधल्या जागेवर, स्थिर रेस, आणि मागच्या ब्रेकवर पाय हलका टेकवलेला. रेस पुढे ढकलते, ब्रेक मागे धरतो, आणि त्या ताणाने गाडी उभी राहते. परवान्याच्या चाचणीतला आठचा आकडा याच जोरावर होतो. आठ काढताना जमिनीवरच्या रेषेकडे बघू नका. एका गोलात असताना डोके पुढच्या गोलाकडे वळलेले हवे. पाय टेकला की चाचणी गेली, म्हणून दिवसाला पन्नास वेळा आठ काढा, निम्मे डावीकडून सुरू करून, निम्मे उजवीकडून. हे हातात बसलेली माणसे बघायची असतील तर म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जा. पिवळ्या मडगार्डाचे पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवरून माणसे नेणारे, पाठीमागे गिऱ्हाईक आणि मांडीवर माशांची पिशवी घेऊन, पाय न टेकता गर्दीतून गाडी काढतात.

जोरात थांबणे

शेवटच्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० पर्यंत या आणि ठरलेल्या रेषेवर पूर्ण ताकदीने थांबा. ताशी ३० ला गाडी सेकंदाला आठ मीटरांहून जास्त पळते, म्हणजे तुम्हाला गाय दिसून हात हलेपर्यंत ती एक मोठी खोली ओलांडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हा आकडा डोक्यात असला की गावातून साठने जायचे मन होत नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. वर्गातल्या जुन्या गाडीला यातले काही नसते, म्हणून घरची गाडी वेगळी वागेल. एबीएस नसताना पुढचे चाक अडकून घसरले तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हलक्या हाताने दाबा. मागचे चाक अडकून आडवे जाऊ लागले तर ब्रेक एकदम सोडू नका, नजर समोर ठेवून तसेच थांबा. एकदम सोडला तर चाक झटक्याने पकड घेते आणि माणूस पलीकडे फेकला जातो.

रस्त्यावर

पहिल्या फेऱ्या रविवारी सकाळी सातच्या आत, घराजवळच्या रस्त्यावर. महामार्ग महिनाभर तरी नको. आपल्या रस्त्यांची काही खास वळणे लक्षात ठेवा. गावातला रस्ता दोन्हीकडे चिऱ्यांच्या गडग्यांनी बांधलेला, वळणापलीकडचे काही दिसत नाही, आणि समोरून येणारी चारचाकी मधून येते. अशा ठिकाणी डावीकडे राहा, हॉर्न द्या, आणि दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. डांबराची कड आणि बाजूची लाल माती यांत बरेचदा वीतभर उंचीचा फरक असतो. टिपर समोर आला म्हणून घाबरून कडेवरून खाली उतरू नका, आधीच वेग कमी करून सरळ राहा. उतरावेच लागले तर पुन्हा वर चढताना चाक कडेला घासत नेऊ नका, थांबून काटकोनात चढवा.

खासगी बस हात दाखवला की थांबते, इंडिकेटरची वाट बघत नाही. तिच्या मागे दोन गाड्यांची जागा सोडा. भाड्याच्या काळ्या पाटीच्या गाडीवर पिवळी अक्षरे दिसली तर चालवणारा पाहुणा आहे, तो मधेच थांबेल, उलटा वळेल असे धरून चाला. आणि पणजीत नवखे लोक चुकतात म्हणून सांगते, अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, मांडवीच्या जुन्या पुलांवरूनच जा.

पहिल्या पावसाचे दोन दिवस गाडी काढू नका. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पुढे पावसातही पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणे, डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांवरचा लाल चिखल, झाडांखालची कुजलेली पाने यांवर ना ब्रेक, ना कलणे, ना गिअर. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बागेखालून जाताना चिरडलेल्या बोंडूंचेही तसेच.

दर आठवड्याला टायरची हवा बघा. साखळी मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा, साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पावसाळ्यात तिला वरचेवर तेल द्या, खाऱ्या हवेत ती लवकर गंजते.

फेरीबोट

महिना झाला की आमचे सर सगळ्यांना दिवाडीच्या नाहीतर चोडणच्या बोटीवर नेतात, कारण शिकलेले सगळे तिथे एका जागी लागते. धक्क्याच्या उताराची खालची कड भरतीच्या पाण्याने शेवाळलेली असते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच मधल्या जागेवर, मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून सरळ रेषेत उतरा. पुढचा ब्रेक इथे नको. बोटीची लोखंडी फळी आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर चाक तिरके घालू नका, काटकोनात घ्या. फळीवर चढताना रेस वाढवू नका, पुढे माणसे उभी असतात. खलाशी हात दाखवेल तिथे थांबा, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून ठेवा, साइड स्टँड लावा, आणि गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक धरून ठेवा. बोट हेलकावते तेव्हा स्टँडवर विसंबू नका.

पलीकडे फळी पूर्ण टेकल्याचा आवाज येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. चालणारी माणसे उतरू द्या. मग न्यूट्रल, किक, क्लच, पहिला गिअर, आणि चढावरून निघायचे शिकलात तसेच, ब्रेक शेवटी सोडून वर जा.